मऊ तीनशे, मुरुड

१९ जानेवारी, सोमवार. सकाळी ११

आजपासून रोज लिहायचं. कामाच्या पहिल्या दिवशी तारीख टाकली की पळवाट राहत नाही, असं अण्णा म्हणतात.

काम असं. महानंदाकाकूचा इथे लातुरात भाकरीचा घरगुती उद्योग आहे. कडक भाकरी, मऊ भाकरी, तिळाची भाकरी, शेंगाचटणी, भाजक्या शेंगा. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सअॅपवर येतात आणि काकूचे दोन्ही हात दिवसभर पिठात. डिसेंबरात उदगीरच्या एका बारशाची ऑर्डर वाचायचीच राहिली. पन्नास पाहुणे आणि ताटात भाकरी नाही. काकू दोन दिवस धड जेवली नाही. मी तिला शब्द दिलाय की मी पार्सर लिहीन. म्हणजे असा प्रोग्राम, जो मेसेज वाचेल आणि त्यातून यादी काढेल. कुठल्या तारखेला, कुठल्या गावाला, काय, किती.

दुसरा शब्द अण्णांना, म्हणजे वडिलांना, दिलाय. त्यांनी भोकरच्या एका शाळेत माझ्यासाठी क्लार्क-कम-कॉम्प्युटर ऑपरेटरची जागा बघून ठेवलीय. मला भोकरला जायचं नाही. काल मुखेडहून फोनवर म्हणाले, ठीक. शिवरात्रीला मी लातूरला येतो. तुझं ते यंत्र माझ्या डोळ्यांसमोर चालव. चाललं तर ऱ्हा काकूकडं. न्हाई चाललं तर माझ्यासंगं भोकर.

शिवरात्र १५ फेब्रुवारीला. सत्तावीस दिवस. काम चार दिवसांचं आहे. उरलेल्या तेवीस दिवसांत इंग्रजी बोलायची प्रॅक्टिस करायची.

२० जानेवारी, मंगळवार

लायब्ररी सापडली, म्हणजे पार्सर बांधायला उपयोगी पडणारा तयार कोड. अगदी छोटी आहे, एका बैठकीत सगळं मॅन्युअल वाचून होतं. तिच्यात लहान लहान तुकडे लिहायचे. एक तुकडा फक्त अंक ओळखतो. एक फक्त वस्तू. एक फक्त गाव. मग ते जोडायचे. आधी हे मग ते, हे किंवा ते, हेच पुन्हा पुन्हा. जमलं नाही तर ती थांबते, आणि कुठल्या अक्षरावर अडलं, तिथं काय हवं होतं, काय सापडलं, ते सांगते. इतका सरळ स्वभाव माणसांतही कमी.

टाइप केलं: १०० कडक ५० मऊ लातूर. यादी आली! काकूला हात धुवायला लावून दाखवली. काकू म्हणाली, लई छान. पण हे तर मलाबी कळलं असतं की गं.

दम्यामुळे मला चौथीपर्यंत शाळेत घातलं नव्हतं. अण्णांनीच कापडाच्या दुकानामागच्या खोलीत शिकवलं. त्यांचा एकच नियम होता, ठाऊक असंल तर बोल, अंदाजानं बोलायचं न्हाई. पार्सरलाही तोच नियम लावलाय. शंका आली की थांब.

२२ जानेवारी, गुरुवार

आज खरे मेसेज. काकूची परवानगी घेतली. ग्राहकांचीही घ्यावी का, यावर अर्धा दिवस गेला. शेवटी ठरवलं, फक्त ऑर्डरीचा मजकूर वाचायचा आणि घरगुती काही आलं की नजर वळवायची. पण घरगुती आहे की ऑर्डर, हे वाचल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे वाचलं सगळंच, पण संकोचाने.

पहिलाच मेसेज उदगीरच्या नीलम्मा आजींचा. अगं महानंदा गुडघा काय म्हणतो तुझा, पन्नास कडक ठेव बाई, सोमवारला येते.

पार्सर म्हणाला: अक्षर १. अपेक्षित: अंक. सापडलं: अगं.

एकूण मेसेज ४१. वाचता आले २. त्यातला एक गादीवाल्याचा निघाला. काकूने दोन उशा सांगितल्या होत्या, त्याने विचारलं होतं, २ मऊ लातूर?

म्हणजे सुरुवात झाली.

२४ जानेवारी, शनिवार

लोक आकडे अक्षरांत लिहितात. म्हणून एक ते नव्व्याण्णव सगळे शब्द टाइप केले. एकोणनव्वद आणि नव्व्याऐंशी दोन्ही टाकले. आजवर कुणी तितक्या भाकरी मागवलेल्या नाहीत, पण मागवल्या तर? मग दीडशे, अडीचशे, पाऊणशे. मग शेकडा.

शेकडा म्हणजे शंभर असं मी लिहिलं होतं. काकूकडे थापायला येणारी सिंधू मागून बघत होती. ती म्हणाली, ताई, आपल्याकडं शेकडा एकशेपाचचा. वरच्या पाच जंगमाच्या, पूजेला येणाऱ्या स्वामीच्या. विचारलं, नेहमी? तर म्हणाली, पूजा असंल तर. लग्न असंल तरी. होस्टेलची पोरं असली तर शंभरच. मी म्हटलं, नियम सांग. सिंधू म्हणाली, त्यात नियम काय, मेसेज कुणाचा हाय ते बघितलं की कळतंय.

कोडमध्ये टीप लिहून ठेवली: शेकडा, नंतर बघणे.

२६ जानेवारी, सोमवार

चूक माझी नाही आणि लायब्ररीचीही नाही. चूक मेसेजची आहे. म्हणून आज सगळ्या ग्राहकांना नमुना पाठवला. संख्या, वस्तू, गाव, तारीख, याच क्रमाने लिहावे ही नम्र विनंती. पाठवण्याआधी सहा वेळा तपासला.

सायंकाळी ५. नऊ अंगठे आले. चार जणींनी प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा दिल्या. मुरुडच्या तुळजाबाई दरवर्षी मठातल्या जेवणावळीची मोठी ऑर्डर देतात, त्यांनी लिहिलं, पोरी, भाकर पायजे म्हणून आता अर्ज करायचा का? फक्त एकीने नमुना भरून पाठवला. संख्या: नेहमीची. वस्तू: नेहमीची. गाव: तुला ठाऊक हाय. तारीख: सांगते.

हा मेसेज काकूने एका नजरेत वाचला आणि तीस कडक बांधून ठेवल्या.

२९ जानेवारी, गुरुवार

नवा नियम लिहिला. यादी म्हणजे एक वस्तू, किंवा यादी आणि तिच्या पुढे एक वस्तू. वाचायला सुंदर आहे. पण यादी म्हणजे काय हे कळायला प्रोग्राम आधी यादी म्हणजे काय हे विचारतो, आणि त्यासाठी पुन्हा यादी म्हणजे काय हे विचारतो. थांबेचना. लॅपटॉपचा पंखा इतका जोरात फिरला की सिंधू बाहेर डोकावून म्हणाली, मला वाटलं गिरणी सुरू झाली.

मॅन्युअलमध्ये असं करू नका म्हणून लिहिलेलं आहे. दुसऱ्याच पानावर. मी ते वाचलं होतं, अधोरेखितही केलं होतं.

२ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १

अण्णांचा फोन. किती झालं विचारलं. एक्केचाळीसपैकी नऊ मेसेज, म्हणजे एकवीस पूर्णांक पंच्याण्णव शतांश टक्के, असं खरं ते सांगितलं. अण्णा बरं म्हणाले. अण्णांचं बरं कसं असतं ते मला ठाऊक आहे. भोकरच्या हेडमास्तरांचाही फोन येऊन गेला म्हणे. जागा अजून रिकामी आहे.

उद्यापासून पहाटे पाचला उठायचं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सव्वाआठला उठले. भाकरी थापण्याच्या आवाजाने झोप चांगली लागते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मोठी चूक सापडली. शेंगा किंवा शेंगाचटणी, असा क्रम लावला होता. पार्सर शेंगा पाहून खूश होतो, पुढे जातो आणि चटणीवर डोकं आपटतो. मोठा शब्द आधी ठेवायचा असतो. बदलला. आता चौदा!

या सगळ्या काळात खऱ्या ऑर्डरींचं काय चाललंय ते लिहायला हवं. दुपारच्या जेवणानंतर सिंधू फोन हातात धरते, मोठ्याने वाचते, काकू भिंतीला टेकून ऐकते आणि आकडा सांगते. दहा मिनिटं लागतात. बारशानंतर एकही चूक झालेली नाही. पण ही काही पद्धत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

आठ दिवस उरले. चौदाच्या पुढे जात नाही. प्रत्येक मेसेजमध्ये एखादा तरी शब्द असा असतो, जो माझ्या कुठल्याच तुकड्यात बसत नाही. गुडघा. जावई. देवाच्या दयेनं. बाई.

सकाळभर विचार केला. अनोळखी शब्द दिसला की थांबण्याऐवजी तो उचलून बाजूच्या फाइलीत ठेवायचा आणि पुढे जायचं. हा अंदाज नव्हे. मी शब्द फेकत नाही, ठेवते आहे. प्रत्येक शब्द मी स्वतः वाचणार आहे. फेकणं आणि ठेवणं यात फरक आहे.

दुपारी १२:४०. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस!!

स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. काकूने पिठाच्या हाताने माझ्या गालाला हात लावला. सिंधूने विचारलं, मग आता गुडघ्याची चौकशी कोण करणार? तिला सगळ्यात काहीतरी काढायचंच असतं.

८ फेब्रुवारी, रविवार

बाजूच्या फाइलीत अकराशे बासष्ट शब्द आहेत. अकारविल्हे लावले. रोज थोडे वाचून शुक्रवारपर्यंत संपवायचे. आज अ. अगं, अजून, अण्णाराव, अवंदा. काही महत्त्वाचं नाही. नवे मेसेज येतील तसे त्यांचे शब्दही याच फाइलीत आपापल्या जागी जाऊन बसतील. सोय चांगली झालीय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

काकूला आज स्पष्ट सांगितलं. शिवरात्रीपर्यंत खरी परीक्षा आहे. फोन माझ्याकडे. मेसेज कुणी उघडायचे नाहीत, मीसुद्धा नाही. मूळ मेसेज उघडून बघणं म्हणजे परीक्षेत पुस्तक उघडणं. रोज सकाळी यादी छापून फडताळाला लावीन, त्याप्रमाणे भाजायचं. यादीत हात घालायचा नाही.

काकू म्हणाली, म्हंजे गिऱ्हाइकाशी मी बोलायचंच न्हाई? मी म्हटलं, पाचच दिवस. ती म्हणाली, बरं बाई, दिला शब्द. काकूने शब्द दिला की तो ती पाळते. आमच्या घरात सगळ्यांना हीच खोड आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

यादीत तीन ऑर्डरी. तिन्ही बरोबर. गिऱ्हाइकं आली, घेऊन गेली. एकीने काकूला विचारलं, माझ्या मेसेजला उत्तर का दिलं न्हाईस, रागावलीस का. काकूने माझ्याकडे बघितलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आणखी चार. चारही बरोबर. सातपैकी सात. अण्णांना काय सांगायचं ते कागदावर लिहून काढलं. फार मोठेपणा वाटू नये म्हणून दोन वाक्यं खोडली.

फाइलीतला न संपला. नको, नवस, नातीचं, नेहमीसारखं. उद्या प.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ९

आजच्या यादीत आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. १५ फेब्रुवारी, मुरुड, मऊ, ३००. पाठवणार तुळजाबाई. शिवरात्रीची तारीख मी पंचांगात दोनदा बघून भरली होती, तीसुद्धा पार्सरने नीट लावली. अण्णा नेमके त्याच दिवशी येणार. याहून चांगला मुहूर्त नाही.

सिंधूने यादी वाचली आणि म्हणाली, उपासाच्या दिवशी मऊ भाकर? कोण खाणार? काकू म्हणाली, मठात बाहेरगावची माणसं असतात, लेकरं असतात, दुखणेकरी असतात. असंल. पण काकूच्या कपाळाला आठी होती. म्हणाली, मंजू, एकदा तुळजाबाईला फोन लावून बघू का? मी म्हटलं, काकू, शब्द. काकू म्हणाली, हाव. आणि पिठाच्या डब्याकडे वळली.

मलाही एक क्षण वाटलं होतं की मेसेज उघडावा. पण मग सातपैकी सात हा निकाल प्रामाणिक राहिला नसता.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर दळण. ज्वारी निवडली, गिरणीत दोन चकरा. आणखी दोन थापणाऱ्या बायका सांगून ठेवल्या. प राहिला. एक दिवसाने काय होतंय.

१५ फेब्रुवारी, रविवार. शिवरात्र. सकाळी ७:५०

पहाटेपासून चार चुली. काकूचा कडक उपास, पाणीसुद्धा नाही, आणि समोर तीनशे भाकरीची वाफ. सगळ्या मोजून, पांढऱ्या कापडात गुंडाळून, टोपल्यांत भरून मुरुडच्या जीपमध्ये ठेवल्या. मी स्वतः तीनदा मोजल्या. तीनशे.

९:१०. अण्णा आले. मुखेडची पहिली एसटी धरून. हातपाय धुऊन, भस्म लावून लॅपटॉपसमोर बसले. मी यादी दाखवली. मुरुडच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, एवढी मोठी ऑर्डर यानं वाचली? एकट्यानं? मी हो म्हटलं. अण्णांनी चष्मा काढून पुसला. हे मला लिहून ठेवायचंय, की त्यांनी चष्मा पुसला.

९:४०. तुळजाबाईंचा फोन. काकूचे हात धुवायचे होते म्हणून मी स्पीकरवर टाकला. टाकायला नको होता. तुळजाबाई म्हणाल्या, अगं महानंदा, तुमच्या लातुरात आज शिवरात्र हाय का न्हाई?

काकू म्हणाली, हाय की.

तुळजाबाई म्हणाल्या, मग मठात सगळा गाव उपाशी बसलाय आणि जीपवाला तीनशे भाकरी उतरवून राहिलाय, त्या काय महादेवाच्या पिंडीवर वाहू? मी पारण्याला सांगितल्या होत्या गं. पारण्याला. उद्या दहाला पंगत हाय.

मग मी मेसेज उघडला. सगळ्यांच्या समोर. महानंदा, शिवरात्रीच्या पारण्याला मठात तीनशे मऊ लागतील, जीपनं मुरुडला धाड.

पार्सरने शिवरात्री ओळखलं. तीनशे, मऊ, मुरुड ओळखलं. उरलेले शब्द उचलून बाजूला ठेवले. उपास सोडायचं जेवण शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी असतं, हे या घरात मांजरालासुद्धा ठाऊक आहे. त्याला नव्हतं.

अण्णांनी विचारलं, बाजूला म्हंजे कुठं? फाइल उघडून दिली. त्यांनी बोटाने खाली खाली जात शब्द शोधला. प चं पान. पाऊस, पाटील, पारण्याला. मी न पर्यंत आले होते, हे मी त्यांना सांगितलं. सांगायची गरज नव्हती, पण लपवल्यासारखं झालं असतं.

११:००. कडक असत्या तर महिनाभर टिकल्या असत्या. मऊ उद्यापर्यंत शिळ्या होतात. तुळजाबाईंनी दुसरा फोन केला. गाईला काय उपास नसतो, मठाच्या गोठ्यात घालते, पण उद्याच्या तीनशे पायजेतच. काकू म्हणाली, मिळतील. कुणावर आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

सिंधू म्हणाली, चला, मुरुडच्या गाईंची शिवरात्र तरी गोड झाली. अण्णा हसले. अण्णा सहसा हसत नाहीत.

दुपारी ३. काकूला म्हटलं, मला बोल काहीतरी. ती म्हणाली, काय बोलू? मला वाचता येत न्हाई असं थोडंच हाय. मी तुला शब्द दिला म्हणून वाचलं न्हाई. माझीबी चूकच. मग म्हणाली, ज्वारी निवडायला बस.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा चार चुली. पुन्हा तीनशे. अण्णांनी स्वतः टोपल्या जीपपर्यंत नेल्या आणि ड्रायव्हरला विचारून खात्री केली की आज सोमवारच आहे. दहाच्या आत पोचल्या. साडेबाराला तुळजाबाईंचा मेसेज आला. पंगत झाली, भाकरी मऊ होत्या, पोरीला म्हणावं जेवून घे.

मी हा मेसेज पार्सरमध्ये टाकला नाही.

माझी बॅग भरून झाली. दोन सुती ड्रेस, स्वेटर, चार्जर. भोकरला थंडी असते की नसते ते ठाऊक नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी १०

अण्णांनी हेडमास्तरांना फोन लावला. मी बॅग पायाशी घेऊन बसले होते. अण्णा म्हणाले, मुलगी सरळ हाय, वेळ पाळती, कुणाच्या अध्यात न मध्यात. कॉम्प्युटरचं मात्र मी छातीठोक सांगायचो न्हाई. परवा बघितलंय.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. अण्णांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, टायपिंग तरी येतं का, म्हणून राहिलेत. मी म्हटलं, मराठी मिनिटाला तीस शब्द यायचे, पण ते दोन वर्षांपूर्वीचं, आत्ताचं मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. अण्णांनी ते जसंच्या तसं पलीकडे सांगितलं. मग बराच वेळ हाव, हाव, बरोबर हाय तुमचं, असं चाललं.

फोन ठेवून म्हणाले, भोकरच्याच एका पोरीनं अर्ज केलाय. तिला सगळं येतं म्हणे. तिला घेतलं.

दुपारच्या एसटीने अण्णा मुखेडला गेले. जाताना काकूला म्हणाले, ऱ्हाऊ द्या हिला इथंच, तिकडं नेऊन तरी काय करू. काकू म्हणाली, ऱ्हाऊ द्या की, हात कमीच पडून राहिलेत.

म्हणजे मी लातूरला राहते. मला हवं होतं तेच झालं. हे वाक्य दोनदा लिहून बघितलं.

दुपारी ४. सिंधूने माळ्यावरून भाकरी थापायची एक जुनी काटवट काढून पुसली आणि माझ्यासमोर ठेवली. बस म्हणाली. बसले. पहिली भाकरी तव्यावर जाईपर्यंत तीन ठिकाणी फाटली. सिंधू तिला बघून काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.